अपील सोडण्यापूर्वी
(प्रस्तावना)

यवतमाळ जिल्ह्यातल्या मुकुटबन पोलीस ठाण्यात नोंदल्या जाणाऱ्या गुन्ह्यांपैकी फार थोडे वर्तमानपत्रात येतात. धुऱ्यावरून झालेली हाणामारी, कोंबडबाजारावरची धाड, सागवानाची चोरटी वाहतूक, मोहाची दारू, ट्रकने दिलेली धडक, रानडुकरांसाठी पऱ्हाटीभोवती सोडलेला करंट असे ते गुन्हे असतात. आरोपीही नेहमीच्याच थरातले. कोणी कोलाम किंवा गोंड शेतमजूर, कोणी कोरडवाहू कास्तकार, कोणी सिमेंट कारखान्यात किंवा कोळसा खाणीत ठेकेदाराच्या हाताखाली राबणारा, कोणी दुसऱ्या राज्यातून आलेला ड्रायव्हर. यांच्यातल्या अनेकांचा खटला साक्षीपुराव्यापर्यंत जातच नाही. चार-सहा तारखा होतात, मजुरी बुडते, बसभाडे जाते, आणि मग कोणीतरी जाणता माणूस सल्ला देतो, "कबूल करून टाक ना बा, मोकळा होशील."

मोकळे होण्याचा हा मार्ग कायद्याला मान्य आहे, आणि पुष्कळदा तो शहाणपणाचाही असतो. मात्र कबुलीबरोबर आणखी एक गोष्ट आरोपीच्या हातून जाते, ती म्हणजे वरच्या कोर्टात दाद मागण्याचा हक्क. कबुली साधी असेल तर हा हक्क बराचसा जातो आणि प्ली बार्गेनिंगच्या, म्हणजे कबुलीच्या बदल्यात कमी शिक्षेच्या तडजोडीच्या, अर्जातून आलेली असेल तर जवळजवळ पूर्णच जातो. हे आरोपीला कोण सांगते, कधी सांगते आणि कोणत्या भाषेत सांगते, एवढ्याच प्रश्नाभोवती ही छोटी पुस्तिका लिहिली आहे.

आधी साधी कबुली पाहू, कारण तालुक्याच्या कोर्टात रोज दिसते ती तीच. पट्टेवाला नाव पुकारतो, आरोपी चपला बाहेर काढून आत येतो आणि हात जोडून उभा राहतो. न्यायाधीश दोषारोप थोडक्यात समजावतात आणि विचारतात, "गुन्हा कबूल आहे का?" आरोपी आधी वकिलाकडे पाहतो, वकील नसेल तर कोर्ट पैरवीच्या पोलिसाकडे पाहतो, आणि म्हणतो, "कबूल साहेब." कागदावर सही होते, सही येत नसेल तर अंगठा. दंड ठोठावला जातो, तो भरून पावती मिळते. बोर्डावरचे एक प्रकरण कमी होते. सगळे पाच-दहा मिनिटांत आटोपते आणि त्या वेळात अपील हा शब्द कोणाच्याही तोंडून निघत नाही. पावती घडी घालून खिशात ठेवणाऱ्या माणसाची समजूत अशी असते की दंड भरला, विषय संपला. आपल्या नावावर दोषसिद्धी लागली आहे हे त्याला पुढे केव्हातरी कळते, चारित्र्य पडताळणीचा दाखला काढायला गेला की, नाहीतर मुलगा पोलीस भरतीला उभा राहिला आणि घरातल्या केसबद्दल विचारपूस झाली की.

अशा कबुलीवर शिक्षा झाली तर दोषसिद्धीविरुद्ध अपील करता येत नाही. ही आजची गोष्ट नाही. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हा नियम कलम ४१२ मध्ये होता, १९७३ च्या संहितेत तो कलम ३७५ झाला, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम ४१६ आहे. एक फट मात्र त्यात ठेवलेली आहे. दंडाधिकाऱ्याने किंवा सत्र न्यायालयाने कबुलीवर शिक्षा दिली असेल, तर ती शिक्षा फार जड आहे किंवा कायद्यात बसणारी नाही एवढ्यापुरते अपील चालते. म्हणजे 'मी गुन्हा केलाच नाही' असे वरच्या कोर्टाला सांगता येत नाही, पण 'एवढी शिक्षा नको होती' असे सांगता येते.

प्ली बार्गेनिंगमध्ये ही फटही बुजवलेली आहे. जुन्या संहितेतले कलम २६५-ग आणि नव्या संहितेतले कलम २९५ स्पष्ट सांगतात की तडजोडीनंतर दिलेला निकाल अंतिम राहील आणि त्याविरुद्ध कोणत्याही न्यायालयात अपील चालणार नाही. उरतात ते संविधानातले मार्ग, म्हणजे सर्वोच्च न्यायालयात अनुच्छेद १३६ खालची विशेष अनुमती याचिका आणि उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ व २२७ खालची रिट याचिका. मुकुटबनच्या माणसासाठी याचा अर्थ नागपूर खंडपीठ किंवा थेट दिल्ली. शिवाय तिथे पुरावा नव्याने तोलला जात नाही. रिटमध्ये मुख्यतः एवढेच पाहिले जाते की खालच्या कोर्टाने कायद्याने आखून दिलेली रीत पाळली की नाही, आणि आरोपीची संमती खरी होती की नाही. हा मुद्दा वाचकाने ध्यानात ठेवावा, कारण पुढे सगळे त्याच्यावरच येऊन ठेपणार आहे.

हा कायदा आपल्याकडे सहजासहजी आलेला नाही. सर्वोच्च न्यायालय बराच काळ अशा सौद्यांच्या विरोधात उभे होते, आणि त्या विरोधातला एक गाजलेला निकाल महाराष्ट्रातल्याच एका खटल्यातला आहे. मुरलीधर मेघराज लोया विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७६ च्या प्रकरणात खुरासणी तेलातल्या भेसळीचा आरोप होता. खालच्या कोर्टात आरोपींनी कबुली दिली आणि किरकोळ दंडावर सुटका करून घेतली. उच्च न्यायालयाने शिक्षा वाढवून तुरुंगवास दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. निकाल न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा. आरोपी, वकील आणि कोर्ट आपापल्या सोयीने प्रकरण मिटवून मोकळे होतात आणि भेसळीचे तेल खाणारा समाज मात्र त्या खोलीत कुठेच नसतो, हा त्यांचा आक्षेप होता.

याच न्यायमूर्तींनी दोन वर्षांनी, १९७८ मध्ये, महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या खटल्यात अपिलाबद्दल जे सांगितले ते प्रस्तुत विषयाच्या मुळाशी आहे. हॉस्कॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणातल्या आरोपीची शिक्षा उच्च न्यायालयाने वाढवून तीन वर्षे केली होती. सर्वोच्च न्यायालयात तो आला चार वर्षांहून अधिक उशिराने, शिक्षा भोगून झाल्यावर. त्याचे म्हणणे असे की निकालाची प्रतच आपल्याला मिळाली नाही. प्रत येरवडा कारागृहाच्या अधीक्षकांकडे पाठवलेली होती, पण ती कैद्याच्या हाती पडल्याची नोंद नव्हती. याचिका फेटाळली गेली. तरी निकालात न्यायालयाने दंडक घालून दिला तो असा: निदान एका अपिलाची संधी हा न्याय्य प्रक्रियेचा भाग आहे, ती प्रक्रिया अनुच्छेद २१ मध्ये येते, आणि म्हणून निकालाची मोफत प्रत व गरज असेल तर मोफत वकील देणे ही सरकारची जबाबदारी ठरते. अपील कागदावर असून चालत नाही, ते माणसाच्या हाताला लागले पाहिजे, असा त्याचा मथितार्थ.

पुढच्या दोन निकालांत गुंता आणखी स्पष्ट झाला. कासमभाई विरुद्ध गुजरात राज्य या १९८० च्या प्रकरणात न्यायमूर्ती भगवती यांनी तडजोडीच्या कबुलीवर उभी असलेली दोषसिद्धीच रद्द केली आणि खटला पुन्हा चालवायला सांगितले. लांबत जाणाऱ्या खटल्याच्या धास्तीने निर्दोष माणूसही 'कबूल' म्हणून जातो, हे त्यांच्या निकालामागचे मुख्य कारण होते. १९८३ च्या थिप्पेस्वामी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात न्यायालय म्हणाले की थोड्या शिक्षेचे आश्वासन देऊन कबुली घ्यायची आणि मग अपिलात शिक्षा वाढवायची, हे अनुच्छेद २१ ला धरून नाही. तुम्ही आरोपीला एका शब्दावर बोलते केलेत, आता तो शब्द फिरवता येणार नाही.

थिप्पेस्वामीचा हा निकाल समोर ठेवला की अपीलबंदीची दुसरी बाजू दिसते. तडजोडीनंतर अपील नाही याचा अर्थ ते आरोपीला नाही तसे सरकारलाही नाही. ज्याने सहा महिन्यांच्या बोलीवर कबुली दिली, त्याच्यावर उद्या सरकार शिक्षावाढीचे अपील घेऊन येऊ शकत नाही. लोया प्रकरणातल्या आरोपींवर जे ओढवले, ते आज प्ली बार्गेनिंगच्या चौकटीत बसणाऱ्या आरोपीवर ओढवणार नाही. अंतिमता ही आरोपीने मोजलेली किंमत आहे आणि त्याच किमतीत त्याने विकत घेतलेले संरक्षणही आहे. कायद्यावर टीका करताना ही बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

विधी आयोगाने १९९१ च्या १४२ व्या अहवालात स्वेच्छेने कबुली देणाऱ्यांना सवलत द्यावी अशी शिफारस केली आणि १९९६ च्या १५४ व्या अहवालात ती पुन्हा मांडली. २००३ मध्ये न्यायमूर्ती मलिमठ समितीनेही तिला दुजोरा दिला. साचलेले खटले आणि कच्च्या कैद्यांनी भरलेले तुरुंग ही कारणे प्रत्येक वेळी पुढे केली गेली. अखेर २००५ च्या दुरुस्तीने संहितेत एकविसावे-अ हे प्रकरण आले आणि ५ जुलै २००६ पासून ते लागू झाले. नव्या संहितेत तेच प्रकरण तेविसावे झाले असून त्यात कलम २८९ ते ३०० येतात.

त्याची चौकट अशी. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे गुन्हे यात बसतात. त्यापुढचे, जन्मठेपेचे आणि फाशीचे बसत नाहीत. स्त्री किंवा बालक यांच्याविरुद्धचे गुन्हे बसत नाहीत. देशाच्या सामाजिक-आर्थिक स्थितीवर परिणाम करणारे म्हणून केंद्र सरकारने २००६ मध्ये जाहीर केलेल्या कायद्यांखालचे गुन्हे बसत नाहीत. त्या यादीत हुंडाबंदी आहे, कौटुंबिक हिंसाचार आहे, अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे आणि वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमधल्या प्राण्यांविषयीचे गुन्हेही आहेत. त्याच गुन्ह्यात आधी दोषी ठरलेल्या माणसाला ही सवलत नाही.

ही यादी आपल्या भागात कशी लागू पडते ते पाहण्यासारखे आहे. एप्रिल २०२१ मध्ये मुकुटबन वनपरिक्षेत्रात एका गाभण वाघिणीला गुहेत कोंडून मारले गेले आणि तिचे पंजे तोडून नेले गेले. असल्या गुन्ह्यात सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, म्हणजे नुसत्या वर्षांच्या हिशेबाने तो तडजोडीच्या चौकटीत आला असता. यादीमुळे तो बाहेर राहतो. वाघाच्या शिकारीचा सौदा होत नाही.

आता शेताभोवतीचा करंट घ्या. रानडुकरे एका रात्रीत पऱ्हाटीची नासाडी करतात, कास्तकार वैतागतो, आकडा टाकून तारेत वीज सोडतो. पहाटे त्या तारेला चिकटून शेजारचा माणूस गेला आणि पोलिसांनी हलगर्जीपणाने मृत्यूचे कलम लावले, तर आज त्याला पाच वर्षांपर्यंतची शिक्षा आहे आणि तडजोडीचा अर्ज करता येतो. त्याच तारेला चिकटून बाई गेली तर अर्ज करता येत नाही. वाघ गेला तरी करता येत नाही. पोलिसांनी हलगर्जीपणाऐवजी सदोष मनुष्यवधाचे कलम लावले तर शिक्षा सात वर्षांच्या वर जाते आणि दार तिथेच बंद होते. म्हणून कोणते कलम लागले आहे हे पाहिल्याशिवाय तडजोडीचा विचार सुरूच करू नये. दोषारोप निश्चित होतानाच कलमाला हरकत घेता येते, आणि तो टप्पा 'कबूल' म्हणण्याच्या आधीचा आहे.

चौकटीत बसलेल्या आरोपीने दोषारोप निश्चित झाल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. ही मुदत नव्या संहितेने घातली आहे, पूर्वी ती नव्हती. मग न्यायालय आरोपीची बंद दाराआड विचारपूस करते, त्या वेळी दुसरी बाजू हजर नसते. संमती खरी वाटली तर सरकारी अभियोक्ता, तपास अधिकारी, आरोपी आणि पीडित यांना एकत्र बसून समाधानकारक तोडगा काढायला ६० दिवसांपर्यंत वेळ मिळतो. तोडगा निघाला तर न्यायालय भरपाई ठरवते आणि शिक्षेबाबत दोन्ही बाजू ऐकते. परिवीक्षेवर सोडण्याचा पर्यायही तिथे खुला असतो. तोडगा निघाला नाही तर खटला जिथे थांबला होता तिथून पुढे चालतो, आणि अर्जात आरोपीने जे लिहिले ते त्याच्याविरुद्ध दुसरीकडे वापरता येत नाही.

शिक्षेचे गणितही समजून घ्यावे. कलमात किमान शिक्षा ठरवून दिली असेल तर तिच्या निम्मी आणि पहिल्यांदाच गुन्हा करणाऱ्याला पाव देता येते. किमान नसेल तर कमाल शिक्षेच्या पाव आणि पहिल्यांदा असेल तर एक षष्ठांश. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. एक षष्ठांश म्हणजे सहा महिने. आता समजा असा आरोपी जामीनदार मिळाला नाही म्हणून पाच महिने यवतमाळच्या कारागृहात आहे. भोगलेले दिवस शिक्षेतून वजा होतात, म्हणजे 'कबूल' म्हटले तर एक महिन्यात घर. 'नाकबूल' म्हटले तर साक्षीदार येतील तेव्हा येतील. तो काय म्हणेल हे सांगायला वकील लागत नाही. चोरी त्याने केली होती की नाही, हा प्रश्न त्या हिशेबात कुठेच येत नाही. न्यायमूर्ती भगवतींना १९८० मध्ये जी भीती वाटली होती ती हीच, आणि कायदा झाल्याने ती संपलेली नाही. अशा माणसाला जामीन मिळवून देणे किंवा जातमुचलक्यावर सोडवणे हे पहिले काम आहे. सुटका जामिनाने होण्यासारखी असताना ती कबुलीने विकत घेऊ नये.

पीडिताचाही यात तोटा असू शकतो आणि त्याची चर्चा फार कमी होते. ३१ डिसेंबर २००९ पासून पीडिताला स्वतःचे अपील करण्याचा हक्क मिळाला. आरोपी सुटला, कमी कलमाखाली दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी वाटली तर पीडित वरच्या कोर्टात जाऊ शकतो. तडजोडीच्या निकालाला मात्र 'कोणत्याही न्यायालयात अपील नाही' हे शब्द सरसकट लागतात. अपघातात पाय गमावलेल्या मजुराने बैठकीत भरपाईच्या आकड्यावर मान डोलावली तर तोही त्या आकड्याला बांधला जातो. बैठकीत आपल्या पसंतीचा वकील बरोबर नेण्याची मुभा पीडितालाही आहे, आणि फार थोडे पीडित ती वापरतात.

जगात हा मार्ग सर्वांत जास्त वापरला जातो तो अमेरिकेत. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नोंदवले की संघीय न्यायालयांतल्या ९७ टक्के आणि राज्यांच्या न्यायालयांतल्या ९४ टक्के दोषसिद्धी कबुलीतूनच येतात. आपल्याकडे तडजोडीतून निकाली निघणारी प्रकरणे एक टक्काही नाहीत. त्यामुळे अमेरिकेशी तुलना जपून करावी. अपिलाच्या बाबतीत मात्र ती उपयोगी पडते. तिथे अपील सोडणे हा करारातला एक मुद्दा असतो. सरकारी वकील तो मागतो, आरोपी देतो किंवा देत नाही, आणि दिला तर किती द्यायचा यावरही घासाघीस होते. करार झाल्यावरही सगळे संपत नाही. २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की गुन्हा कबूल केला एवढ्यावरून कायद्याच्या घटनात्मकतेला आव्हान देण्याचा हक्क जात नाही. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की अपील सोडल्याची सही असली तरी अशिलाने सांगितल्यावर वकिलाने अपिलाची नोटीस दाखल केलीच पाहिजे, कारण अशा सहीने प्रत्येक मुद्दा संपत नसतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, करारात अपील सोडल्याची अट असेल तर संघीय न्यायाधीशाने ती अट आरोपीला भर कोर्टात स्वतः समजावली पाहिजे आणि त्याला ती कळली याची खात्री केली पाहिजे, असा तिथे नियमच आहे.

आपल्याकडे अपील सोडणे हा बोलणीचा मुद्दाच नाही. आरोपी ते सोडत नाही, कायदा ते काढून घेतो. त्यावर घासाघीस करता येत नाही, ते अर्धे ठेवून अर्धे देता येत नाही. मग निदान ते जाणार आहे हे तरी त्याला सांगायला हवे. इथे आपल्या कायद्यात एक उणीव राहिली आहे. अर्जाबरोबर आरोपीने शपथपत्र द्यायचे असते. त्यात त्याने सांगायचे असते की या गुन्ह्याला कायद्यात काय आणि किती शिक्षा आहे ते मला समजले आहे, अर्ज मी स्वखुशीने करतो आहे, आणि याच गुन्ह्यात मला पूर्वी शिक्षा झालेली नाही. निकालाविरुद्ध अपील करता येणार नाही हे मला समजले आहे, असे वाक्य कायद्याने मागितलेले नाही. बंद दाराआडच्या विचारपुशीतही न्यायालयाने स्वेच्छेची खात्री करायची असते, आणि तिथेही अपिलाचा उल्लेख नाही. जिथे वकील आणि न्यायाधीश दक्ष असतात तिथे हे सांगितले जाते. जिथे बोर्ड भरलेला असतो तिथे राहून जाते.

या पुस्तिकेचे म्हणणे एवढ्या एका जागी एकवटलेले आहे. हॉस्कॉट प्रकरणाने एका अपिलाला न्याय्य प्रक्रियेत बसवले आणि २००५ च्या दुरुस्तीने तडजोडीपुरते ते काढून घेतले. या दोहोंचा मेळ बसतो तो आरोपीच्या संमतीने, आणि संमतीला अर्थ येतो तो माहितीने. ज्याला आपण काय सोडतो आहोत हेच ठाऊक नाही त्याने ते स्वखुशीने सोडले असे म्हणता येणार नाही. मागे फिरायची वाट नसेल तर पुढे पाऊल टाकण्याआधीची विचारपूस दुप्पट कसोशीने झाली पाहिजे.

आपल्या तालुक्यात ही कसोशी आणखी एका कारणाने हवी. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक जमात आहे. तिची कोलामी भाषा द्रविड कुळातली आहे, मराठीशी तिचे घराणे जुळत नाही. पोडावरचा म्हातारा बाजारापुरते मराठी बोलतो म्हणजे त्याला दोषारोप कळतो असे नाही. 'समजले का?' या प्रश्नाला 'हो' हे उत्तर नम्रतेने दिले जाते, समजल्याने दिले जातेच असे नाही. खात्री करायची असेल तर प्रश्न उलटा विचारावा, "तुम्हाला काय समजले ते सांगा." गरज असेल तर दुभाषा बोलवावा. मोफत वकील मिळणे हा यांचा हक्क आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, बालके आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न घालता वकील दिला जातो. १९८६ मध्ये अरुणाचलमधल्या सुक दास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की आरोपीने मागितला नाही म्हणून वकील दिला नाही, हे कारण चालणार नाही. हा हक्क न्यायाधीशाने आपणहून सांगायचा असतो.

पुढील पानांची मांडणी साधी आहे. आधी कलम २८९ ते ३०० चा आशय रोजच्या मराठीत दिला आहे. त्यानंतर साधी कबुली, आपसांतली तडजोड आणि प्ली बार्गेनिंग यांतला फरक उदाहरणांनी दाखवला आहे, कारण लोक या तिन्हींना 'मिटवणे' म्हणतात आणि अपिलाच्या बाबतीत तिन्हींचे परिणाम वेगळे आहेत. आपसांत तडजोड झाली तर आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच असतो, बाकी दोहोंत तो दोषी ठरतो. मग अर्जाचा आणि शपथपत्राचा नमुना आहे. शेवटी आरोपीने वकिलाला विचारायचे आणि पीडिताने बैठकीपूर्वी विचारायचे असे प्रश्न दोन वेगळ्या पानांवर दिले आहेत. ती पाने फाडून खिशात ठेवण्यासाठीच आहेत.

ही पुस्तिका वकिलाची जागा घेऊ शकत नाही आणि प्रत्येक केस वेगळी असते. तडजोड करू नका असेही ती म्हणत नाही. ज्याच्या हातून खरोखर चूक झाली आहे, ज्याला भरपाई देऊन पुन्हा कामाला लागायचे आहे, त्याच्यासाठी हा मार्ग चांगला आहे. वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा तर नक्कीच. ज्याने गुन्हा केलेला नाही त्याने मात्र कितीही तारखा पडल्या तरी या वाटेला जाऊ नये.

शेवटी तिघांना विनंती. वकील मित्रांनी शपथपत्रात एक वाक्य आपणहून घालावे: 'या निकालाविरुद्ध मला अपील करता येणार नाही, हे मला माझ्या भाषेत समजावून सांगितले आहे.' त्याला कायद्याची मनाई नाही आणि खर्च शून्य आहे. न्यायाधीशांनी बंद दाराआडच्या विचारपुशीत तेवढा एक प्रश्न वाढवावा आणि त्याचे उत्तर नोंदवून ठेवावे. उद्या रिट झाली तर तीच नोंद निकाल वाचवील. आणि ज्याच्यावर केस आहे त्याने, सही किंवा अंगठा करण्याआधी, समोरच्या माणसाला धीटपणे विचारावे: "साहेब, यानंतर मला वर जाता येईल का?" उत्तर मिळेपर्यंत सही करू नये. जवळ वकील नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा.